भावकी की बंधुता? : वसतिगृहाच्या अनुभवाची चिकित्सा

भावाच्या नात्यावरून मराठीत तीन शब्द आले आहेत : भावकी, भाऊबंदकी आणि बंधुता. पहिला शब्द गावगाड्याचा आहे. एका मूळपुरुषाच्या वंशातले, एका वतनाचे किंवा जमिनीचे वाटेकरी म्हणजे भावकी. सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही गावात लग्नाच्या मांडवाला आणि मयताच्या खांद्याला भावकी लागते. दुसरा शब्द पहिल्याच्याच पोटातून निघाला. वाटणीवरून जे वैर जुंपते त्याला आपण भाऊबंदकी म्हणतो. तिसरा शब्द आपल्यापर्यंत भारतीय संविधानाच्या उद्देशिकेतून आला. पहिले दोन शब्द गावात रोज बोलले जातात. तिसरा बहुधा भाषणात बोलला जातो.

भावकीतल्या माणसांचे आधार देण्याचे सामर्थ्य मोठे असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची एक अट असते. ती जन्माने मिळते आणि ज्याचा जन्म बाहेर झाला त्याला ती मिळत नाही. बंधुतेचे नेमके उलटे आहे. जो आपला नाही त्याला आपला मानल्याखेरीज ती सुरूच होत नाही. म्हणून भावकी वाढवत नेली की तिची बंधुता होईल, हा समज चुकीचा आहे. भावकी कितीही वाढवली तरी तिची जात होते.

आपल्या भागात या दोहोंमधली झुंज जिथे प्रत्यक्ष लढली गेली ती जागा म्हणजे विद्यार्थ्यांचे वसतिगृह. शाळेत मूल पाच-सहा तास असते. वसतिगृहात ते जेवते, झोपते, आंघोळ करते, आजारी पडते. जातिव्यवस्थेचे सारे विधिनिषेध ज्या गोष्टींभोवती उभे आहेत त्या सर्व गोष्टी तिथे घडतात. तरीही आपल्या समीक्षेने वसतिगृहाकडे आजवर लेखकाच्या आयुष्यातला एक मुक्काम म्हणून पाहिले, एक सामाजिक संस्था म्हणून फारसे पाहिले नाही. परिणामी ती जागा गौरवग्रंथांच्या आणि स्मरणिकांच्या ताब्यात गेली. ती परत घेतली पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

विद्यार्थ्यांनी आपसांत भावकी उभारण्याचा प्रकार केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे घेतलेली विद्यार्थ्यांची बंधुमंडळे आणि विद्यार्थिनींची भगिनीमंडळे आहेत. त्यांची परंपरा १७७६ साली स्थापन झालेल्या ‘फाय बीटा कॅपा’पर्यंत मागे नेली जाते. अशा मंडळांपैकी अनेकांचे स्वतःचे घर असते, गुप्त विधी असतात, आणि नव्याने येणाऱ्याची छळाने परीक्षा घेण्याची प्रथाही त्यांच्यात बोकाळली. गोऱ्यांच्या या मंडळांत काळ्या विद्यार्थ्यांना दीर्घकाळ जागा नव्हती. तेव्हा कॉर्नेल विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थ्यांनी १९०६ साली ‘अल्फा फाय अल्फा’ हे स्वतःचे मंडळ काढले आणि हॉवर्ड विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थिनींनी १९०८ साली ‘अल्फा कॅपा अल्फा’ काढले. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस आणि मार्टिन ल्यूथर किंग हे दोघेही ‘अल्फा फाय अल्फा’चे सभासद होते. बहिष्कृतांनी काढलेली भावकी आणि बहिष्कार घालणाऱ्यांची भावकी बाहेरून सारखी दिसली तरी त्यांचे प्रयोजन एक नाही, हे या उदाहरणावरून लक्षात ठेवावे. ते पुढे उपयोगी पडेल.

याच काळात, म्हणजे १९१३ साली, साताऱ्याच्या सरकारी शाळेत १९०० साली दाखल झालेला एक विद्यार्थी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला होता. बाबासाहेब तिथे आधी विद्यापीठाच्या वसतिगृहात, मग निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. तिथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती होता. ही मैत्री जन्मभर टिकली. परत आल्यावर १९१७ साली बडोद्याला पारशांच्याच विश्रामगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाबासाहेबांना बाहेर काढले. धर्म तोच, माणसेही तशीच. फरक पडला तो जागेच्या नियमांचा. एका खोलीत राहण्याचा नियम जन्म विचारीत नव्हता आणि दुसऱ्या जागेचा पहिला प्रश्नच जन्माचा होता. बंधुतेचा विचार करताना माणसांच्या चांगुलपणाआधी जागेचे नियम तपासावेत, हा धडा आम्हांला या दोन प्रसंगांतून मिळतो.

आता आपल्याकडे येऊ. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १८९६ साली राजाराम वसतिगृह सर्वांसाठी म्हणून काढले होते. ‘सर्वांसाठी’ या शब्दाचे व्यवहारात जे होते तेच तिथे झाले आणि ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचे वसतिगृह बनले. त्यानंतर १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी जातवार व धर्मवार बोर्डिंगे निघाली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. शाहूंच्या या धोरणाला जातिभेद वाढवणारे धोरण म्हणून नाक मुरडणारे पांढरपेशे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांना आमचे उत्तर असे, की सर्वांसाठी असलेली जागा आधी एका जातीने गिळली होती. तिथे जागाच नसलेल्यांना निदान आपापले छप्पर शाहूंनी दिले. पण त्या छपराला मर्यादाही होत्या. मिस क्लार्क बोर्डिंगमुळे अस्पृश्य मुलगा शिकू लागला. मराठा बोर्डिंगातला मुलगा मात्र त्याच्याबरोबर जेवायला शिकला नाही.

याचा पुरावा एका जैन मुलाच्या आयुष्यात आहे. कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे इस्लामपूरच्या शाळेत वर्गाबाहेर बसवलेला एक अस्पृश्य मुलगा त्यांना दिसला. त्याला त्यांनी कोल्हापूरला आणून मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये घातले. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. ते पुढे ‘मूकनायक’चे संपादक झाले आणि मुंबई कायदेमंडळाचे सभासदही झाले. भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याला १९२४ साली वसतिगृह काढले आणि १९२७ साली गांधींच्या हस्ते त्याला शाहूंचे नाव दिले. त्यांनी नाव शाहूंचे घेतले. घडण मात्र शाहूंच्या बोर्डिंगांहून वेगळी ठेवली. साऱ्या जातींची मुले एका छपराखाली, एका चुलीवर शिजलेले खाणार, आणि दळण, पाणी, स्वयंपाक, शेतकाम सारे स्वतः करणार, अशी ती घडण होती. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात १९४७ पासून रुजलेली ‘कमवा व शिका’ योजना याच घडणीतून आली.

या घडणीतला मर्म आमच्या मते सहभोजनात नाही, सहश्रमात आहे. सहभोजनाचे कार्यक्रम त्या काळात सुधारकांनी पुष्कळ केले. वर्षातून एकदा पंगतीला बसून घरी जाऊन आंघोळ करणे अवघड नसते. पण पीठ मळणारा हात रोज बदलतो, आज मांगाचा आणि उद्या मराठ्याचा असतो, तिथे विटाळ पाळायला सवड उरत नाही. जातिव्यवस्था ही श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या निबंधात दाखवून दिले. साताऱ्याच्या वसतिगृहाने निदान आपल्या कुंपणात ती विभागणी मोडली. गौरवग्रंथ पंगतीचे वर्णन करून थांबतात. चूल कोणी पेटवली आणि भांडी कोणी घासली, हे ते विचारीत नाहीत.

गौरवग्रंथांचा दुसरा दोष लक्ष्मीबाईंच्या बाबतीत दिसतो. सोवळ्याच्या घरातून आलेल्या या बाईने साऱ्या जातींच्या मुलांना रांधून वाढले. वसतिगृहात धान्य नव्हते तेव्हा अंगावरचे दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. त्यांना ‘मुलांची आई’ म्हटले की लेखकाचे काम संपते. पण ज्या बाईने स्वतःचे सोवळे स्वतःच्या हाताने मोडले तिने एक वैचारिक निर्णय घेतला होता. तिला केवळ वात्सल्यमूर्ती करणे म्हणजे तिचा विचार काढून घेणे होय.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे आणि ती बोलली पाहिजे. पुणे करारानंतर १९३२ साली भाऊरावांनी त्या कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. त्यांच्या दृष्टीने तो करार ऐक्याचा होता. आपल्या चळवळीच्या दृष्टीने तो दबावाखाली सोडाव्या लागलेल्या हक्काचा होता. भाऊरावांच्या हेतूबद्दल आम्हांला शंका नाही. परंतु एकाच घटनेचे एका भावाला स्मारक करावेसे वाटते आणि दुसऱ्या भावाला तिचे शल्य राहते, तिथे बंधुता पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. एका पंगतीत जेवणारे राजकारणात बरोबरीचे वाटेकरी आहेत का, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

वसतिगृहांच्या माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आता सर्वत्र होतात. अशा एका मेळाव्यात मी बसलो होतो. वसतिगृहाचे नाव सांगण्याचे कारण नाही. एक जुना सोबती उभा राहिला आणि म्हणाला, “आम्हांला कोणाची जात माहीतच नव्हती. आम्ही भावाभावासारखे राहिलो.” टाळ्या झाल्या. मी टाळी वाजवली नाही, कारण मला त्याची जात माहीत होती आणि त्याला माझी. तो खोटे बोलत होता असेही नाही. त्याला तसे आठवत होते. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या गावावरून जाणाऱ्या एस.टी.ने चार वर्षे गेलो. त्या चार वर्षांत “उतर, घरी भाकरी खाऊन जा,” असे तो एकदाही म्हणाला नाही. मीही त्याला माझ्या वस्तीत बोलावले नाही. कुंपणाच्या आत आम्ही खरोखरच एका ताटात जेवलो होतो. कुंपणाबाहेर पडताना आपापली भावकी आम्ही अंगावर चढवली.

तेव्हा वसतिगृहातल्या बंधुतेची परीक्षा सुट्टीत होते. बाबासाहेबांनी सहभोजनाला पुरेसे मानले नाही. आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असे त्यांनी मांडले ते याच कारणाने. पंगत उठल्यावर संपते आणि नाते घरात शिरते.

आता आपल्या स्वकथनांकडे वळू. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) संगमनेरचे वसतिगृह आहे. फलटण भागातल्या कैकाडी समाजातून आलेल्या लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) शिक्षणासाठीची सारी वणवण आहे. त्या पुस्तकाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यावर लिहिताना समीक्षकांनी भूक, दारिद्र्य आणि गाढवांच्या पाठीवरच्या बिऱ्हाडाची भरपूर चर्चा केली. आमच्या दृष्टीने त्या पुस्तकाचा अवघड भाग शेवटाकडचा आहे. नायक परजातीतल्या मुलीशी लग्न करतो तेव्हा दुखावतो केवळ वरचा समाज असे नाही. त्याची स्वतःची जातपंचायतही त्याला दूर करते. म्हणजे भावकी ही केवळ वरच्यांची मिरासदारी नाही. ज्याला गावाने उपरा केले त्याला त्याच्या भावकीनेही उपरे केले. दलित समीक्षेने या दुसऱ्या उपरेपणाला पुरेसा न्याय दिला नाही, कारण तो आपल्या अंगावर येतो.

बहिणींचे काय? बंधुता या शब्दातच बहीण नाही, हा दोष भाषेचा म्हणून सोडून देता येईल. पण वसतिगृहाच्या साऱ्या आठवणी पुरुषांच्या आहेत, हा दोष भाषेचा नव्हे. ज्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावला १८३१ साली सावित्रीबाईंचा जन्म झाला, त्याच जिल्ह्यातल्या दलित मुलीला वसतिगृह मुलांच्या पुष्कळ नंतर दिसले. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) फलटणची शाळा आहे. तिथे महारांच्या मूठभर मुली सवर्ण मुलींच्या हेटाळणीला एकजुटीने तोंड देतात, प्रसंगी भांडतात. त्यांना घर नाही, खोली नाही, नावाची पाटी नाही. तरी विद्यार्थिनींचे भगिनीमंडळ म्हणून जे काही आपल्या भागात पहिल्याने उभे राहिले ते हे, असे आम्ही मानतो. त्याच पुस्तकात महारवाड्यातल्या सुनांचे हाल आहेत. ते करणारे हात आपल्याच माणसांचे आहेत. लेखिकेने हे लिखाण नवऱ्यापासून वीसेक वर्षे लपवून ठेवले, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. पुढे त्यांनीच फलटणजवळ निंबुरे येथे मागास मुलांसाठी निवासी शाळा चालवली. जिला स्वतःची वही ठेवायला घरात उघडी जागा नव्हती तिने दुसऱ्यांच्या मुलांना जागा करून दिली. आपल्या बंधुतेच्या व्याख्यानांत हे उदाहरण यायला हवे.

आत्मपरीक्षण इथेच थांबवता येत नाही. मुंबईला वडाळ्याचे सिद्धार्थ विहार हे वसतिगृह आपल्या चळवळीचे घर होते. तिथल्या खोल्यांत वाद झाले, कविता वाचल्या गेल्या आणि त्या वातावरणातून १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी राजा ढाले हे सांगली जिल्ह्यातल्या नांद्रे गावचे. ‘अल्फा फाय अल्फा’चा दाखला वर दिला तो इथे उपयोगी पडतो. बहिष्कृतांनी आपसांत बांधलेला हा भाऊपणा पळण्यासाठी नव्हता, लढण्यासाठी होता. परंतु १९७४ साली पँथर फुटली. बौद्धवाद की मार्क्सवाद, असा वाद जाहीर होता आणि तो खराही होता. त्याच्यासोबत माणसामाणसांतली जुनी भाऊबंदकीही होती, हे आता तरी म्हणायला हरकत नसावी. आजही वसतिगृहाच्या कोणत्याही मजल्यावर जाऊन पाहा. गाववाले एका खोलीत, पोटजातवाले दुसऱ्या खोलीत. जयंतीची वर्गणी बौद्ध मुलांकडे मागितली जाते आणि मातंग किंवा भटक्या जमातीच्या मुलाला कोणी विचारीत नाही. महारवतन कायद्याने १९५८ साली गेले. पाळी लावण्याची सवय अजून गेली नाही.

हे सारे आज का लिहावे? कारण वसतिगृहाचा प्रश्न पुन्हा पेटला आहे. दिल्लीच्या एम्समध्ये दलित विद्यार्थ्यांना वसतिगृहात कसे वेगळे पाडले जाते, ते थोरात समितीने २००७ साली नोंदवले. हैदराबाद विद्यापीठाने २०१५ साली पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढले. त्यांनी उघड्यावर मुक्काम मांडला आणि त्या जागेला वेलिवाडा, म्हणजे वेशीबाहेरची वस्ती, असे नाव दिले. त्यांतला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. गावाने वाळीत टाकणे आणि विद्यापीठाने वसतिगृहातून काढणे यांत कागदाच्या शिक्क्यापलीकडे काय अंतर आहे?

आपल्या राज्यात दुसरी प्रक्रिया शांतपणे चालू आहे. शासकीय वसतिगृहांत जागा पुरत नाही म्हणून २०१६-१७ पासून अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली. वसतिगृहाऐवजी पैसे थेट बँक खात्यात, असे तिचे स्वरूप आहे. पुढे मराठा विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने आणि इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाईंच्या नावाने अशाच योजना झाल्या. गरजू मुलाला पैसे मिळावेत याला आमचा विरोध नाही. वेळेवर मिळावेत यासाठी मोर्चेही काढले पाहिजेत. परंतु या पैशाने मुलगा जातो कुठे? तो सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या एखाद्या पेठेत खोली शोधत फिरतो आणि घरमालक आधी आडनाव विचारतो. १९१७ साली बडोद्याला विचारला तोच हा प्रश्न. शेवटी तो आपल्याच वस्तीजवळ, आपल्याच माणसांत खोली घेतो. प्रत्येक जातीची वेगळी योजना, वेगळे खाते, वेगळी खोली. शाहूंनी जातवार बोर्डिंगे काढली तेव्हा ती पहिली पायरी होती. शंभर वर्षांनी आपण पुन्हा तिथेच उभे आहोत, आणि आता तर छप्परही गेले.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. शासनाकडे मागायचे ते हे, की पैशाबरोबर इमारती द्या. तालुक्याच्या गावी मुलींसाठी आधी द्या. आणि त्यांतली चूल, कोठी व कारभार विद्यार्थ्यांच्या निवडलेल्या समितीकडे द्या. ठेकेदाराच्या खानावळीत मुले जेवतात, सहश्रम करीत नाहीत. स्वतःकडे मागायचे ते अधिक अवघड आहे. जयंतीच्या समितीत सर्व जातींची मुले व मुली बरोबरीने असाव्यात. नव्याने आलेल्या मुलाची परीक्षा घेण्याची प्रथा आपल्या मजल्यावर तरी बंद व्हावी. या मुलाची परीक्षा गावाने आधीच घेतलेली असते. आणि सुट्टीत एकमेकांच्या घरी जावे.

स्वातंत्र्य आणि समता यांना बंधुतेचा आधार नसेल तर त्या टिकणार नाहीत, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. पहिल्या दोहोंसाठी न्यायालयात जाता येते. तिसरीसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. तिच्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागते आणि आपले दार उघडे ठेवावे लागते. येत्या दिवाळीला आपल्या वसतिगृहातला कोणता मुलगा कोणाच्या गावी उतरला, एवढी नोंद कार्यकर्त्या मित्रांनी ठेवावी. एखाद्या गौरवग्रंथापेक्षा त्या नोंदीतून आपल्याला अधिक कळेल.